तार किती जाड हवी?

दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळखीच्या एका शिक्षकांनी दिवाळीच्या सुट्टीत आसपासच्या वाड्यावस्त्यांवर जाऊन मुलांना विज्ञानाच्या चित्रफिती दाखवायचे ठरवले. एक जुनी जीप मिळाली. तिच्या मागच्या भागात फळी ठोकून त्यांनी संगणक आणि त्याचा पडदा बसवला. मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर संगणक चालवणारा एक संच बाजारात मिळतो. त्याला दुकानदार कन्व्हर्टर म्हणतात. तोही आणला. राहता राहिली बॅटरीपासून त्या संचापर्यंतची तार. शाळेच्या कपाटात जुन्या संगणकाच्या काळ्या वायरी पडून होत्या. सरांनी त्यातल्या काहींचे प्लग कापून त्या एकमेकींना जोडल्या आणि टोके बॅटरीला पिळून बसवली. त्यांचा विचार सरळ होता. शाळेत हाच संगणक याच वायरीवर सुखाने चालत होता, मग जीपमध्ये का चालू नये?

तो चालेना. संगणक सुरू होई, पण चित्रफीत लावून काम वाढले की बंद पडे. चालकाने जीपचा स्टार्टर मारला तर हमखास बंद पडे. गॅरेजमधल्या वायरमनने संच सोडवून बाजूला ठेवला, वायरीच्या मोकळ्या टोकांना मीटर लावला आणि निकाल दिला, "सर, बारा व्होल्ट बरोबर येतायत. तुमचा कंप्युटरच बाद झालाय." सरांनी संगणक शाळेत नेऊन लावला, तर तो ठणठणीत! पुन्हा जीपमध्ये आणला, तर पुन्हा तेच. अखेर सतरंजी उचलून पाहिली तेव्हा वायर कोमट लागली. बॅटरीजवळचा पिळलेला सांधा तर बोटाला चटका देत होता आणि त्याच्याभोवतीचे प्लास्टिक मऊ पडले होते. पेट्रोलची नळी तिथून हातभर अंतरावर होती, आणि वाटेत कुठेही फ्यूज नव्हता.

वायरमन खोटे बोलत नव्हता, आणि त्याचा मीटरही खोटा नव्हता. तरीही निदान चुकले होते. हे कोडे नवे नाही. गेल्या दोनशे वर्षांत ते माणसांना निरनिराळ्या वेशात पुन्हा पुन्हा भेटले आहे. ते पहिल्यांदा सोडवणारा गृहस्थ तुमच्या-आमच्यासारखाच शाळामास्तर होता, ही शिक्षकांना आनंद वाटावा अशी गोष्ट आहे.

कोलोनचा मास्तर

गेओर्ग सिमोन ओहम हा कुलपे बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. १७८९ साली तो जर्मनीतल्या एरलांगन गावी जन्मला. १८१७ पासून तो कोलोनच्या एका शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत असे. शाळेची प्रयोगशाळा बरी होती, आणि वडिलांच्या हाताखाली शिकल्यामुळे उपकरणे स्वतः घडवण्याइतका हात तयार होता. वेगवेगळ्या तारांमधून वीज किती वाहते हे त्याला मोजायचे होते.

पहिली अडचण आली ती विजेच्या उगमाची. त्या काळचे व्होल्टाचे घट जोडल्याबरोबर भरपूर प्रवाह देत आणि मग भराभर मंदावत. मोजायला घ्यावे तोवर मोजायची गोष्टच बदललेली असे. १८२५ साली अशा घटांवर केलेल्या प्रयोगांतून ओहमने एक सूत्र मांडले, आणि ते चुकले. तेव्हा पोगेनडॉर्फ या संपादक-शास्त्रज्ञाने त्याला वेगळा मार्ग सुचवला. दोन वेगवेगळ्या धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानांना ठेवले की वीज निर्माण होते, हे सीबेकने १८२१ मध्ये दाखवले होते. ओहमने बिस्मथ आणि तांब्याची अशी जोडी घेतली. एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला. पाणी उकळते आहे आणि बर्फ वितळते आहे तोपर्यंत दोन्ही तापमाने स्थिर, म्हणून विजेचा जोरही स्थिर.

मग त्याने एकाच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. सर्वांत आखूड दोन इंचांची होती आणि सर्वांत लांब सुमारे १३० इंचांची. एकेक तार जोडून त्याने चुंबकसूचीचे विचलन मोजले. तार जितकी लांब तितका प्रवाह कमी, हे तर दिसलेच. पण आकडे नीट जुळवताना त्याला भाजकात आणखी एक स्थिर संख्या मिळवावी लागली. जणू बाहेरच्या तारेखेरीज आणखी एक अदृश्य तार मंडलात होतीच. ती म्हणजे खुद्द विजेच्या उगमाचा आणि जोडण्यांचा रोध. मंडल म्हणजे सगळी वाट. बॅटरी, सांधे, जाणारी तार, यंत्र आणि परत येणारी तार, सगळ्यांचा रोध त्यात धरायचा, हा या प्रयोगाचा खरा धडा होता.

१८२७ मध्ये ओहमचा ग्रंथ बर्लिनला प्रसिद्ध झाला. आज नववी-दहावीचा विद्यार्थी जो नियम म्हणून दाखवतो, त्याचे जर्मनीत त्या वेळी थंडे स्वागत झाले. या कामामुळे विद्यापीठात जागा मिळेल अशी त्याची आशा होती. ती फोल ठरली आणि त्याने कोलोनची नोकरीही सोडली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ले पदक दिले. म्यूनिकला प्राध्यापकपद मिळाले ते १८५२ मध्ये, मृत्यूपूर्वी अवघी दोन वर्षे.

आता वायरमनच्या मीटरकडे पाहू. तारेत 'खर्च' होणारे विभवांतर म्हणजे प्रवाह गुणिले तारेचा रोध. संच सोडवल्यावर तारेतून प्रवाह जवळजवळ नव्हताच. मीटर स्वतः नगण्य प्रवाह घेतो. शून्याला कितीही मोठ्या रोधाने गुणले तरी उत्तर शून्यच. म्हणून केसासारखी बारीक तारसुद्धा मोकळ्या टोकाला पूर्ण १२ व्होल्ट दाखवील. तारेची परीक्षा घ्यायची तर यंत्र चालू असताना घ्यायला हवी.

उष्णता कुठून आली?

कोडे अर्धे सुटले. सांधा तापला का, याचे उत्तर मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्डमधल्या एका तरुणाने दिले. जेम्स प्रेस्कॉट ज्यूलच्या घरी मद्यनिर्मितीचा व्यवसाय होता. विज्ञान हा त्याचा फावल्या वेळचा ध्यास. १८४० साली, बाविसाव्या वर्षी, त्याने तारेची वेटोळी पाण्यात बुडवून त्यांतून प्रवाह सोडला आणि पाण्याचे तापमान किती वाढते ते मोजले. निष्कर्ष असा निघाला, की ठरावीक वेळात निर्माण होणारी उष्णता तारेच्या रोधाच्या प्रमाणात वाढते आणि प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट, आणि दसपट झाला तर शंभरपट.

या 'वर्गा'कडे विद्यार्थ्यांचे लक्ष मुद्दाम वेधावे. पुढचा सगळा इतिहास त्याच्याभोवती फिरतो.

तांबे सगळे सारखे नसते

१८५८ साली आयर्लंड आणि अमेरिका खंड यांना जोडणारी तारायंत्राची केबल अटलांटिकच्या तळाशी टाकली गेली. मोठा जल्लोष झाला, आणि महिनाभरात केबल मुकी झाली. कंपनीचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस हे मूळचे शल्यचिकित्सक. तार जाड केल्याने विशेष फायदा नाही असे त्यांचे मत होते. संदेश अस्पष्ट येऊ लागले तेव्हा त्यांनी सुमारे दोन हजार व्होल्टचे झटके देऊन पाहिले. आधीच सदोष असलेले आवरण त्यात निकामी झाले. ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन यांचे म्हणणे उलटे होते. आतले तांबे जाड हवे, आवरण जाड हवे आणि विजेचा जोर कमीच हवा. समुद्रातल्या केबलमध्ये आवरणाभोवती साठणाऱ्या विद्युतभाराचाही प्रश्न असतो, तो जीपमध्ये नाही. पण तांब्याच्या जाडीचा मुद्दा दोन्हीकडे तोच.

थॉमसननी १८५७ मध्ये बाजारातल्या तांब्याच्या तारांचे नमुने तपासले तेव्हा त्यांना आणखी एक गोष्ट आढळली. दिसायला सारख्या, जाडीने सारख्या अशा तारांची वीजवाहकता एकमेकींपासून खूपच वेगळी होती. थोड्याशा भेसळीने तांब्याचा रोध वाढत होता. तेव्हापासून केबलसाठी तांबे घेताना त्याची वाहकता तपासून घ्यायची पद्धत पडली. १८५८ च्या केबलमध्ये दर सागरी मैलाला १०७ पौंड तांबे होते, तर १८६६ मध्ये यशस्वी झालेल्या केबलमध्ये ३००.

हा धडा आजही जुना झालेला नाही. मोटारीसाठी म्हणून बाजारात मिळणाऱ्या काही स्वस्त केबलींमध्ये आतला गाभा ॲल्युमिनिअमचा असतो आणि वर तांब्याचा पातळ थर असतो. ॲल्युमिनिअमची वाहकता तांब्याच्या साधारण ६१ टक्के. तारेचे टोक चाकूने खरवडून पाहावे. आत पांढुरकी चमक दिसली तर समजावे, की ही तार लिहिलेल्या जाडीइतके काम देणार नाही.

एडिसनला छळणारे तांबे

थॉमस एडिसनने विजेचा दिवा शोधला असे आपण मुलांना सांगतो. पण तो ज्या गोष्टीने हैराण झाला होता ती दिव्याइतकीच तांब्याचीही होती. शहरभर दिवे लावायचे तर रस्त्यांखालून तारा न्याव्या लागणार. त्या काळी बरेच संशोधक कमी रोधाच्या दिव्यांवर काम करत होते. असे दिवे भरपूर प्रवाह घेतात. एडिसनचा गणिती सहकारी फ्रान्सिस अप्टन याने हिशेब मांडला, तेव्हा दिसले की तारांसाठी परवडणार नाही इतके तांबे लागेल. म्हणून एडिसनने शंभराहून अधिक ओहम रोधाचा, बारीक तंतूचा दिवा हवा असा आग्रह धरला. विभवांतर जास्त आणि प्रवाह कमी, म्हणजे तीच शक्ती बारीक तारेतून नेता येते. दिव्याचा तंतू कसा असावा हे अशा रीतीने तांब्याच्या किमतीने ठरवले.

४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट केंद्रातून ११० व्होल्टची वीज सुमारे ४०० दिव्यांना मिळू लागली. तरीही मैलभराच्या पलीकडे वीज नेणे परवडेना. मग एडिसन आणि इंग्लंडमध्ये जॉन हॉपकिन्सन या दोघांनी स्वतंत्रपणे तीन तारांची पद्धत काढली. त्यात बाहेरच्या दोन तारांमधले विभवांतर दुप्पट झाले आणि तांबे ६० टक्क्यांहून अधिक वाचले.

तार जाड घेतली तर भांडवल जास्त लागते; बारीक घेतली तर वीज रोज वाया जाते. मग नेमकी किती जाड घ्यावी? याचे उत्तर पुन्हा विल्यम थॉमसन यांनीच १८८१ साली दिले. तारेत गुंतवलेल्या पैशाचा वर्षाचा भार आणि तारेत वाया जाणाऱ्या विजेची वर्षाची किंमत हे दोन आकडे सारखे होतील ती जाडी सर्वांत किफायतशीर. पुढे ते लॉर्ड केल्व्हिन झाले, म्हणून हा नियम केल्व्हिनचा नियम म्हणून ओळखला जातो.

लांबच्या अंतरासाठी उपाय एकच उरला, तो म्हणजे विभवांतर प्रचंड वाढवणे. प्रत्यावर्ती विजेच्या रोहित्रांनी ते शक्य केले. १९१५ साली टाटांच्या खोपोली वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, ती घाटाखालून लाखभर व्होल्टच्या वाहिन्यांमधून आली. तीच वीज ११० व्होल्टने आणायची म्हटली असती, तर प्रवाह जवळजवळ हजारपट झाला असता. मग तारा किती जाड लागल्या असत्या, हे गणित मुलांना जरूर घालावे.

मोटारीत उलटी गंगा

शहरांची वीज अशी वरवर चढत असताना मोटारीत मात्र ती खालीच राहिली. सुरुवातीच्या मोटारींना दिवे कार्बाइडचे होते आणि इंजिन सुरू करायला हँडल मारावे लागे. हँडल उलटे फिरले की मनगट मोडे. चार्ल्स केटरिंगने तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत आला. केटरिंगने पूर्वी दुकानातल्या पैशांच्या गल्ल्याला विजेची मोटर बसवली होती. तिथेच त्याच्या लक्षात आले होते, की काही सेकंदच चालणाऱ्या मोटरवर तिच्या नेहमीच्या ताकदीपेक्षा कितीतरी जास्त भार टाकता येतो. स्टार्टरसाठी बॅटरी आली, आणि बॅटरी आली म्हणून विजेचे दिवे आले.

पुढची काही दशके बहुतेक मोटारी ६ व्होल्टवर चालत. १९५० नंतर इंजिने मोठी झाली, स्टार्टरला जास्त ताकद लागू लागली, आणि १९५५ च्या सुमारास अमेरिकेतल्या बहुतेक मोटारी १२ व्होल्टवर गेल्या. युरोपातही हळूहळू तेच झाले. शक्ती तीच ठेवून व्होल्ट दुप्पट केले की प्रवाह निम्मा होतो आणि त्याच तारेत वाया जाणारी वीज चौथाई होते. १९९० नंतर ४२ व्होल्टची चर्चा झाली आणि २००१ साली टोयोटाने तशी एक मोटार बाजारातही आणली, पण सगळे सुटे भाग बदलण्याचा खर्च कोणाला पेलवेना. २०११ मध्ये पाच जर्मन कंपन्यांनी ४८ व्होल्टवर एकमत केले. २०२३ मध्ये आलेल्या टेस्लाच्या सायबरट्रकमध्ये दिवे, काचा वगैरेंसाठीही ४८ व्होल्ट आहेत.

संगणकाच्या बाजूनेही तोच प्रवास झाला. हल्ली लॅपटॉप ज्या टाइप-सी वायरीने चार्ज होतात, तिच्यातून ५ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह न्यायचा नाही असे ठरलेले आहे. सुरुवातीला २० व्होल्टने १०० वॉट मिळत. २०२१ मध्ये २४० वॉट द्यायचे ठरले तेव्हा प्रवाह वाढवला नाही, व्होल्ट ४८ केले. एडिसनने जे केले तेच!

पण रस्त्यावरच्या बहुतेक मोटारी आजही १२ व्होल्टच्याच आहेत. सरांची जीपही त्यातलीच.

जीपचा हिशेब

आता आकडे मांडू. संगणक, पडदा आणि संच मिळून १२० वॉट घेतात असे धरू. शाळेत २३० व्होल्टवर प्रवाह होतो सुमारे अर्धा अँपिअर. जीपमध्ये १२ व्होल्टवर तो होतो १० अँपिअर. संगणक तोच, पण तारेला तो जवळजवळ वीसपट 'मोठा' दिसतो. तार यंत्राला ओळखत नाही, ती फक्त प्रवाहाला ओळखते.

बॅटरीपासून संचापर्यंत पाच मीटर, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर. परतीची वाट विसरणे ही नेहमीची चूक आहे. काळ्या वायरीतल्या तांब्याच्या छेदाचे क्षेत्रफळ १ चौरस मिलिमीटर धरू. असे तांबे मीटरला सुमारे ०.०१७५ ओहम रोध देते. दहा मीटरला ०.१७५ ओहम. दहा अँपिअरला १.७५ व्होल्ट तारेतच गेले.

गोष्ट इथेच थांबत नाही. साधा दिवा व्होल्ट कमी झाले की कमी प्रवाह घेतो आणि मंदावतो. संगणकाचा संच मात्र ठरलेले वॉट मिळवण्याचा प्रयत्न करतो. व्होल्ट कमी झाले की तो प्रवाह जास्त ओढतो, त्यामुळे तारेत आणखी व्होल्ट पडतात. हे कुठे स्थिरावेल? संचाला मिळणारे व्होल्ट 'क्ष' मानले तर प्रवाह १२० भागिले क्ष, आणि

क्ष = १२ − ०.१७५ × (१२० ÷ क्ष)

म्हणजेच क्ष² − १२क्ष + २१ = ०. दहावीच्या विद्यार्थ्याने सोडवावे असे हे वर्गसमीकरण. मोठे मूळ येते सुमारे ९.८७ व्होल्ट. प्रवाह १२ अँपिअरच्या वर जातो आणि तारेत जवळजवळ २६ वॉट उष्णता निर्माण होते, शाळेत त्याच लांबीच्या त्याच तारेत झाली असती तिच्या पाचशेपटीहून अधिक. असे बरेच संच १०.५ व्होल्टच्या आसपास बॅटरी वाचवण्यासाठी आपोआप बंद होतात. चित्रफीत लावताच संगणक का बंद पडे, ते आता कळले.

आणि स्टार्टर मारल्यावर? त्या क्षणी बॅटरीच ९ व्होल्टपर्यंत उतरू शकते. समीकरण होते क्ष² − ९क्ष + २१ = ०. याचा विवेचक ८१ − ८४ म्हणजे उणे ३. वास्तव मूळच नाही! त्या तारेतून १२० वॉट पोचवणे त्या क्षणी निसर्गालाच शक्य नाही. "उत्तर नाही" या उत्तराचा अर्थ काय, असे विचारणाऱ्या मुलाला हे उदाहरण जरूर द्यावे.

आता ६ चौरस मिलिमीटरची तार घेऊ. रोध होतो ०.०२९ ओहम, संचाला मिळतात ११.७ व्होल्ट, आणि घट तीन टक्क्यांच्या आत राहते. ४ चौरस मिलिमीटरला ११.५५ व्होल्ट मिळतात, म्हणजे काम चालते. अडीचला ११.२५, इथे बॅटरी थोडी उतरली की कुरकुर सुरू. जाड तार घेतली तरी स्टार्टरच्या क्षणी बॅटरीचेच व्होल्ट उतरतात. म्हणून आधी इंजिन सुरू करावे आणि मग संगणक.

दुकानात तार मागताना एक घोटाळा होतो. आपले वायरमन "दीड एमएम", "अडीच एमएम" म्हणतात, पण तो व्यास नसतो, छेदाचे क्षेत्रफळ असते. ६ चौरस मिलिमीटर तांब्याचा व्यास तीन मिलिमीटरपेक्षाही कमी भरतो. जुने वायरमन अजून "एक-अठरा", "सात-वीस" अशी नावे सांगतात. ती ब्रिटनमध्ये १८८४ पासून कायदेशीर झालेल्या मापाची खूण. पहिला आकडा धाग्यांचा आणि दुसरा धाग्याच्या गेजचा. गेज जितका मोठा तितकी तार बारीक, कारण पोलादी पट्टीच्या भोकांतून तार जितक्या जास्त वेळा ओढावी तितकी ती बारीक होत जाते.

मोटारीसाठी तार बहुधागी हवी. घराच्या भिंतीतली एकेरी जाड तार हादऱ्यांनी तुटते. टोके पिळून न बसवता लग दाबून बसवावीत, कारण सैल सांध्याचा रोध तारेच्या रोधापेक्षाही मोठा होऊ शकतो. ओहमच्या भाजकातली ती 'अदृश्य तार' हीच.

फ्यूज कोणाचे रक्षण करतो?

बहुतेक विद्यार्थी सांगतील, यंत्राचे. खरे तर तो आधी तारेचे रक्षण करतो. समजा, सतरंजीखाली आवरण घासून पाच मीटरवर दोन तारा एकमेकींना चिकटल्या. ०.१७५ ओहमच्या तारेतून जवळजवळ ७० अँपिअर वाहतील आणि तारेत सुमारे ८०० वॉट उष्णता होईल, म्हणजे सतरंजीखाली विजेची शेगडीच पेटवल्यासारखे. मोटारीची बॅटरी स्टार्टरला शंभराहून अधिक अँपिअर देते; तिला ७० अँपिअरचे काहीच वाटत नाही. आपण होऊन ती थांबणार नाही.

म्हणून फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसवावा, संचाजवळ नव्हे. संचाजवळ बसवला तर मधली सगळी तार उघडी राहते. सरांच्या भारासाठी १५ अँपिअरचा, म्हणजे मोटारीत निळ्या रंगाचा येतो तो फ्यूज योग्य. तो वारंवार जात असेल तर कारण शोधावे. घरच्या किटकॅटमध्ये तांब्याचे चार जाड धागे घालणारा माणूस फ्यूज दुरुस्त करत नाही, तारेलाच फ्यूज बनवतो.

वर्गात करून पाहा

१२ व्होल्टची बॅटरी, मोटारीच्या सिग्नलचे २१ वॉटचे दोन बल्ब, अर्ध्या चौरस मिलिमीटरची दहा मीटर लांबीची जोडवायर, ५ अँपिअरचा फ्यूज आणि एक मीटर एवढेच साहित्य लागते. फ्यूज बॅटरीजवळ बसवावा. आधी बल्ब न जोडता वायरीच्या दूरच्या टोकाचे व्होल्ट मोजावेत. मग एक बल्ब जोडून बॅटरीवरचे आणि दूरच्या टोकाचे व्होल्ट घ्यावेत. नंतर दुसरा बल्ब समांतर जोडून पुन्हा घ्यावेत. एका बल्बला व्होल्टभराची घट दिसेल, दोन बल्बांना जवळजवळ दुप्पट. शेवटी जाड वायर लावून सगळे पुन्हा करावे.

सरांच्या जीपमध्ये आता ६ चौरस मिलिमीटरची तार आहे, पत्र्याच्या भोकात रबरी बुश आहे आणि बॅटरीशेजारी निळा फ्यूज आहे. संगणक जुनाच आहे आणि चित्रफिती सुरळीत चालतात. त्या गॅरेजमधल्या वायरमनने त्यानंतर आपली पद्धत बदलली, असे सर सांगतात. तो आता यंत्र चालू ठेवूनच मीटर लावतो.